खंडेनवमीला धुतलेला कीबोर्ड

मी मंडईत हमाली केली. शाळा चौथीत सुटली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बायको माझ्याहून कमी शिकलेली, पण शाळेचं वेड तिलाच. एका शाळेत झाडलोटीला लागली ती याच बोलीवर, की मुलाला तिथेच घ्यायचं.

मुलाला शाळा नको होती. कारण तिथे आई होती. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून हाही म्हणे, "मावशी, पाणी संपलंय." घरी आला की आई. मला कळलं तेव्हा मी त्याला दोन ठेवून देणार होतो. ती म्हणाली, "अहो, राहू द्या. शाळेत मी मावशीच आहे." आता घरात मला अहो म्हणणारं कोणी राहिलं नाही. ती गेल्याला वर्ष होत आलं.

नववीत तो दांड्या मारायला लागला. दिवाळीनंतर शाळा सोडतो, तुमच्याबरोबर मंडईत येतो, म्हणाला. मी म्हटलं, ये. पाठीला शिक्षण लागत नाही. बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. या शाळेनंही चार कॉम्प्युटर आणले. चपला बाहेर काढायच्या, वर कापडाचं झाकण, पोरांनी लांबून बघायचं. देवघर दुसरं काय असतं?

खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी माझा पोती उचलायचा आकडा पाटावर मांडत. हत्यार आधी धुवायचं, मग पुजायचं. बायकोनं शाळेत तेच केलं. एका कीबोर्डवर तांब्यातलं पाणी घातलं, पुसलं, हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

मला मंडईत शाळेचं बोलावणं आलं. गेलो तर मुख्याध्यापक लालबुंद. कॉम्प्युटरचे सर, तसे पोरगेलेच, कीबोर्ड उलटा करून पाणी झटकत होते. दाराशी नववीचा अख्खा वर्ग.

"बाई, कुणाला विचारून केलंत हे?"

"न धुता पूजा कशी करायची, साहेब?" तिला खरंच कळत नव्हतं चूक काय झाली ते.

पोरं फिदीफिदी हसली. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "यांना आता कामावर पाठवू नका."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, मी साफ करून देतो. आई आहे माझी."

हसणं थांबलं वगैरे नाही. एक जण उलट म्हणाला, "मावशी तुझी आई?"

"मग काय तुझी?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत, मी विचारलं नाही.

कॉम्प्युटरचे सर म्हणाले, "साहेब, वाळलं तर चालेलही. बघू तरी." त्यांनी मुलाला जवळ बसवलं. त्यानं एकेक बटण उपटलं, कापसानं पुसलं, पंख्याखाली वाळवलं. परत बसवताना मात्र ए, बी, सी, डी अशी ओळीनं लावत गेला. सर पोट धरून हसले.

"अरे, असं नसतं ते."

"मग कसं असतं? आणि असं का नाही?"

सरांचं हसू गेलं. "चांगलं विचारलंस. दसरा झाला की शाळा भरायच्या आधी ये, सांगतो."

कीबोर्ड चालला. दोन बटणं अडकायची, तेवढं मुख्याध्यापकांनी चालवून घेतलं आणि तिचं कामही राहिलं.

दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या सकाळी पोरगा आईच्या आधी तयार. दप्तर पाठीला लावून दारात उभा.

"आई, चल की. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

ती मुद्दाम सावकाश वेणी घालत बसली होती. मी विचारलं, "मग मंडईत माझ्याबरोबर कोण येणार?"

"तुम्ही एकटे पुरेसे आहात," ती म्हणाली आणि वेणीला आणखी एक पेड घातला.