तोंड इकडं करून बोला

माझ्या नाकावर राग असतो, हे घरच्यांनी मला लग्नाआधीपासून ऐकवलेलं आहे. वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका झाल्यावर त्या रागाला नियमांचं पाठबळ मिळालं. भिवंडीत रोज तासन्‌तास लाइट जायची, त्या वर्षांतली ही गोष्ट. दापोड्याच्या वाटेवर, गोदामांच्या मागे आमचा छोटा आश्रम होता. भेटीची वेळ चार ते साडेपाच, अशी पाटी मी फाटकावर स्वतः लावून घेतली होती. सगळ्यांचे नातेवाईक ती पाळायचे, एकाचा मुलगा सोडून.

हा मुलगा नारपोलीतल्या कापड कारखान्यात लूम चालवायचा. त्याचे वडीलही आयुष्यभर तिथेच, बिघडलेले लूम दुरुस्त करणारे मुकादम. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. बायको आधीच गेलेली. मुलगा बारा तासांच्या शिफ्टला, सून गोदामात पॅकिंगला, एका खोलीच्या घरात दिवसभर त्यांच्याजवळ थांबायला कोणी नाही, म्हणून ते आमच्याकडे आले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, ‘समज शाबूत आहे.’ तो कागद मी वाचला आणि नीट फाइलला लावला. त्यापलीकडे मी त्याचं काहीच केलं नाही.

मुलगा कधी सकाळी अकराला उगवायचा, कधी दुपारी दोनला, सगळे जरा लवंडलेले असताना. फाटकापासूनच त्याचा आवाज सुरू व्हायचा. ‘बाबा जेवला काय?’ सगळा वॉर्ड दचकून जागा व्हायचा. आमच्या मावशी म्हणायच्या, ‘आला बघा भोंगा.’ मावशी म्हणजे त्या वॉर्डाचं सगळं बघणाऱ्या बाई, कामाला वाघ, पण मनाला लावून घेणाऱ्या. वेळेबद्दल मी त्याला दोनदा टोकलं. तो नुसता मान हलवायचा आणि पुन्हा भलत्याच वेळी यायचा. मला वाटायचं, मुद्दाम करतो.

मुकादमांचंही काही सरळ नव्हतं. डावा हात चालायचा, त्याने ते पलंगाची लोखंडी दांडी बडवायचे. आणि मावशींनी वळून बघितलं की मूठ वर धरून हवेत पिरगाळायचे. ‘बाई, हे मला मान मुरगाळीन म्हणतात,’ मावशी रडकुंडीला येऊन सांगायच्या. ‘मी यांचं हगणंमुतणं काढते आणि हे मला धमक्या देतात.’ एक दिवस त्या हाताने त्यांनी लघवीची नळी ओढून काढली, रक्त आलं. मी हात पलंगाला बांधायला सांगितला. मऊ कापडाने बांधा, असंही सांगितलं. तेवढ्याने मी स्वतःला दयाळू समजत होते, याची आज लाज वाटते.

हात बांधल्यापासून मुकादम जेवेनासे झाले. दोन चमचे भात, की तोंड मिटलं. आठवड्यात गाल आत गेले.

दांडी बडवणं सुरू झाल्यापासून मुलगा फिरकला नव्हता. आला, बांधलेला हात पाहिला आणि त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. ‘जनावर हाय काय तो? तुमचा बाप असता तर बांधला असता?’ मावशी रडायला लागल्या, शेजारच्या पलंगावरच्या आजी ‘राम राम’ जपायला लागल्या. मी त्याला हाताला धरून बाहेर काढायचंच बाकी ठेवलं. तो गेल्यावर संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, पुन्हा असा तमाशा झाला तर वडिलांना घेऊन जा म्हणून पत्र द्या. मी पुन्हाची वाट पाहिली नाही. पत्र त्याच संध्याकाळी लिहिलं, चांगलं झणझणीत. घरी नेले तर मुकादमांचे हाल होतील हे मला कळत होतं. तरी लिहिलं, कारण मला तो मुलगा डोळ्यांसमोर नको होता.

दोन दिवसांनी तो आला, अर्थात भलत्याच वेळी. मी त्याला ऑफिसात बोलावलं. कपाटातून फाइल काढता काढता, त्याच्याकडे पाठ करूनच मी पाठ केलेलं सगळं भाषण म्हणून टाकलं. तुमच्या वागण्याने इतरांना त्रास होतो, आम्ही तुमचे नोकर नाही, वगैरे. वळले, तर हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा. चेहऱ्यावर काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘मी इतका वेळ काय बोलतेय, ऐकताय का?’

आता तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

‘बाई, तोंड इकडं करून बोला,’ तो म्हणाला. ‘मना कमी ऐकू येतं. लूमवरच्या सगल्यांचंच तसं होतं. बाबाचे तर दोन्ही कान गेलेत.’

मी खुर्चीत बसले. त्याची सगळीच ओरड कानांमुळे होती असं नाही. बरीचशी खरी ओरडच होती आणि ती आम्हाला लागू होती. पण वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला मी पाठमोरी नियम शिकवत होते. मी विचारलं, ‘आणि हे भलत्या वेळी का येता?’ तो म्हणाला, ‘आमच्याकडची लाइट गेली की लूम बंद. तवाच सुटतो. पाटीवरच्या टायमाला ड्युटी असते.’

‘मग कारखान्यात एकमेकांशी बोलता कसे?’

त्याने हात वर केले. ‘हे हायेत ना.’

मला पलंगाला बांधलेला हात आठवला. मी उठले आणि त्याला घेऊन थेट वॉर्डात गेले.

त्याने स्वतः गाठ सोडली. मुकादमांनी मनगट चोळून घ्यायचीही वाट पाहिली नाही. दांडीवर दोन थापा, मग मूठ वर, आणि पिरगाळली. ‘हे काय म्हणतात?’ मी विचारलं, या वेळी समोर उभी राहून.

‘लोखंडावर थाप म्हणजे हिकडं बघ. आणि ही मूठ म्हणजे पाना. नट आवळ म्हणतोय.’

मुकादमांची नजर छताकडे होती. आम्ही दोघांनी वर पाहिलं. त्यांच्या पलंगावरचा पंखा फिरता फिरता डुगडुगत होता. किती दिवस डुगडुगत असेल, देव जाणे. आम्ही त्याच्याखालून रोज जात होतो. मुलाने पंखा बंद करायला लावला, शेजारच्या गोदामातल्या ड्रायव्हरकडून पाना आणला आणि स्टुलावर चढला. ‘बाई, नटाचे दोनच आटे उरले होते,’ तो वरून म्हणाला. ‘बाबाच्या छातीवरच पडला असता.’

तो माणूस पंख्याखाली पडून दिवसेंदिवस सांगत होता, आणि आम्ही त्याचा हात बांधला होता. मला रडू आलं. मी मुकादमांपुढे जाऊन ‘चुकले मी’ म्हटलं, ओठ दिसतील असं. मावशी तर पदराने डोळे पुसत त्यांच्या मनगटाला तेल लावत बसल्या. त्या दुपारी त्यांनी अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

मुलाचा राग मात्र उतरला नव्हता. ‘मी बाबाला घेऊन जातो. इथं ठेवायचा न्हाय.’ पत्र अजून माझ्या हातातल्या फाइलीतच होतं आणि त्यात नेमकं हेच लिहिलं होतं. मी ते फाडलं. म्हटलं, मला एक महिना द्या. लाइट जाईल तेव्हा या, पाटी विसरा. येऊन आम्हाला शिकवा. महिन्याने न्यायचं असेल तर मी अडवणार नाही. त्याने वडिलांच्या मनगटावरचा वळ पाहिला. मग मान हलवली. अध्यक्षांना मी काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यांनी पत्राचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या महिन्यात आम्ही पाणी शिकलो, भूक शिकलो, दुखतंय, शिफ्ट बदलली, असं बरंच शिकलो. मी वॉर्डात शिरले की मुकादम मिशीला पीळ द्यायचे आणि सगळे हसायचे. ती मालक आल्याची खूण आहे, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. मुलगा काही गाईसारखा गरीब झाला नाही. भाकरी जाड म्हणून भांडला, दाढी राहिली म्हणून भांडला. मीही भांडले, पण तोंड त्याच्याकडे करून.

महिना भरला त्या दिवशी तो टेम्पोवाल्या मित्राला घेऊन आला. बायकोने कामाची पाळी बदलून घेतली होती, कसंबसं जमवू म्हणाला. माझा जीव तुटत होता, पण शब्द दिला होता. मी एवढंच म्हटलं, ‘त्यांना विचारलंत का?’

‘त्याला काय विचारायचं?’

‘विचारा.’

तो वडिलांसमोर उभा राहिला आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून त्याने विचारलं, ‘घरी येतोस?’

मुकादमांनी पोराकडे पाहिलं. मग मावशींकडे, माझ्याकडे. मग पंजा उघडून हवेत सावकाश दोनदा फिरवला. कोणी लूम बंद करायला हात पुढे केला की मुकादम लांबूनच ही खूण करतो. नको थांबवू, चाललंय ते चालू दे.

मुलगा मला अर्थ सांगायला वळला. ‘कळलं,’ मी म्हणाले.

पण मुकादमांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी बोट मुलाच्या छातीला लावलं आणि मग पलंगाची कड थोपटली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ही खूण कारखान्यातली नव्हती. मुलगा मटकन त्यांच्याजवळ बसला, आणि टेम्पोवाल्याला जा म्हणून सांगायला मीच बाहेर गेले.