आनंद धावतो म्हणे!

इंग्रज माणसाच्या छातीत कोणीच धड चालत नाही, हा शोध मला इंग्रजी तिसरीत लागला. तिथे भीती धावत येते, आशा उडी मारते, काळीज बुडतं, राग उसळून डोक्यात चढतो, आणि आनंद तर लाटेसारखा येऊन माणसाला पायांवरून उचलतो. मास्तरांनी ती वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. मी ती इतक्या अधाशासारखी उतरवली की टाकाचं नीब मोडलं.

ही तीस सालच्या आगेमागेची गोष्ट. थळच्या कोळीवाड्यातून चालत अलिबागेच्या शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी. वाटेत कोणी म्हणे, "काय गो, मडमीन व्हनार काय?" मी म्हणे, "व्हय, आनि तुमाला नोकर ठेवीन." माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पण त्या दिवशी मी खरंच वेडी झाले होते. आपल्याकडे राग येतो, रडू येतं, हसू येतं. येतं म्हणजे पाहुणा यावा तसं, अंगणातून, पाय धुऊन. इंग्रजीत ते दार मोडून आत शिरतं! रश, लीप, सिंक, स्वीप, असं ओरडत मी घरापर्यंत आले. आई जवळा वाळत घालत होती. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला उभं केलं आणि एक वाक्य मराठीत सांगायला लावलं. वाक्य असं होतं की, लांबवर नवऱ्याची होडी दिसताच कोळणीच्या अंगावर आनंदाची लाट आली. 'जॉय स्वेप्ट ओव्हर हर.' बहुतेक माझ्यासाठीच त्यांनी ते मुद्दाम रचलं असावं. मी मात्र उभी राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे वाक्य खोटं आहे."

मास्तर पेणचे, स्वभावाने गरीब. त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडे आनंद काय करतो?"

"थांबतो."

सगळी मुलं खो खो हसली. माझे कान तापले. मी तावातावाने सांगितलं की, आमच्याकडे उशीर झालेली होडी दिसली तरी किनाऱ्यावरची बाई तोंडातून अवाक्षर काढत नाही. हसत नाही, हाक मारत नाही, हात हलवत नाही. होडीवरचा शेवटचा माणूस वाळूत उतरला की मग काय ते. कारण लांबून शीड दिसतं, माणसं दिसत नाहीत. आपण नाचायचं आणि शेजारणीचा परत आलाच नसला तर? शिवाय आधी हसलं तर दर्या ऐकतो, असंही आमच्या बायका म्हणत.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "आनंद थांबत नाही, बाळ. माणसं त्याला थांबवून धरतात." मला हे पटलं नाही. मास्तरांना दर्यातलं काय कळतं, असं मनात म्हणत मी खाली बसले.

त्यानंतर महिन्याभरात एके दिवशी होड्या दर्यात असतानाच वारा फिरला. बा आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, त्याच्याबरोबर चार खलाशी. बाकीच्या होड्या त्याच दिवशी कशाबशा परतल्या, कोणाचं शीड फाटलेलं, कोणाची जाळी गेलेली. आमची आली नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी शाळेत जायची थांबले. आई रोज सकाळी किनाऱ्यावर जाई आणि वाळलेला जवळा पुन्हा पुन्हा खालीवर करत बसे. त्या चौघांच्या बायकाही तिथेच असत. कोणी कोणाकडे बघत नसे.

चौथ्या दिवशी सकाळी खांदेरी बेटाच्या बाजूने एक शीड निघालं. मधोमध तपकिरी ठिगळ. ते ठिगळ लावताना सुई मीच ओवून दिली होती!

बायका उठल्या. हात पुसले, पदराचं टोक दातात धरलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन एका ओळीत उभ्या राहिल्या. एकीच्याही तोंडून आवाज नाही. मला रीत ठाऊक होती, वर्गात छाती पुढे काढून मीच ती सांगितली होती. पण माझ्या पायांनी मला विचारलंच नाही. मी धावत सुटले, गुडघाभर पाण्यात शिरले आणि गळा फुटेस्तोवर ओरडले, "आयला! बा आयला! बा आयला!" माझ्या अंगात इतकं बळ कुठून आलं ते देव जाणे. वाटत होतं, तशीच पळत होडीपर्यंत जाईन.

मागून वेणीला हिसका बसला. आईने माझं तोंड दाबलं. तिच्या हाताला जवळ्याचा वास येत होता. "गप! दिसला का तुना त्यो? नुसतं शीड दिसलंय."

खरंच की. बा कुठे दिसला होता? मी डोळे फाडून बघू लागले. होडी जवळ आली तशी डोकी दिसू लागली. एक, दोन, तीन, चार. चारच. ओळीतल्या बायकांनी आपापलं माणूस ओळखलं, मला ते त्यांच्या मानांवरून कळलं, तरी एकीनेही हूं केलं नाही. पाचवं डोकं नव्हतं. माझ्या तोंडावरचा आईचा हात थंडगार पडला. माझ्या ओरडण्यानेच हे झालं, दर्याने ऐकलं, असं मला वाटलं.

मग त्यांनी शीड उतरवलं. त्याच्या आड, मागे, सुकाणू धरून बा बसला होता.

तरीही सगळ्या गप्प! होडी वाळूला टेकली. चौघे उतरले. तांडेल शेवटी उतरतो, तसा बा शेवटी उतरला, दाढी वाढलेला, ओठ मिठाने फुटलेले. त्याचा पाय वाळूला लागला मात्र, आणि माझ्या गालावर आईची अशी सणसणीत थप्पड बसली की कानात शिट्टी वाजली. लगेच तिने मला छातीशी आवळलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. तिच्यामागे सगळ्याच जणी हसायला नि रडायला लागल्या, चौघांच्या अंगाला हात लावून बघायला लागल्या, नुसता कल्लोळ उठला.

बा आमच्यापाशी आला. त्याला काही उमजेना. "पोरीला कशाला मारतंस गो?"

"वरडली ती!" आई हुंदके देत म्हणाली. "तुमी उतरायच्या आदी वरडली!"

बाने खलाशांकडे चोरून पाहिलं. ते चौघे खाली माना घालून हसत होते. मग त्याने आपला गाल आईपुढे केला.

"मंग मना पन मार," तो म्हणाला. "खांदेरी दिसली तवाच मी वरडलो व्हतो."