बहिरा कान माझ्याकडं

पार्वती गेली तेव्हा मी तीर्थपुरीच्या बाजारात होतो. धाकटा भाऊ सायकल मारत आला अन् नुसता बघत उभा राहिला. मला कळलं... बायको गेल्यावर लोक तिचे गुण सांगतात. मी माझा अवगुण सांगतो. तिला ऐकू यायला लागलं, तेव्हा मी जळालो.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे कान हळूहळू बंद झाले. ओठ बघून तिला कळायचं. पण आमच्यात सुनेनं मोठ्या माणसांपुढं मान वर करायची न्हाई. बायका तोंडावर पदर घेऊन घाईत बोलणार, भावाच्या गालात कायम तंबाखू. मंग ओठ बघायचे कुणाचे? माझेच. गावातलं बरंवाईट माझ्याच तोंडून तिला कळायचं. मला ते गोड लागायचं... वीस वर्षं.

लेकीनं हट्ट धरला म्हणून औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी दोन काट्यांचा चिमटा ठोकून कानामागं टेकवला, तर हिला ऐकू आलं! म्हणाले, "नस शाबूत आहे. आतलं तांदळाएवढं हाड जाम झालंय. ते काढून बारीक तार बसवू. नवीन ऑपरेशन आहे. आधी एक कान, दुसरा पुढच्या वर्षी."

उजव्या कानाची पट्टी निघाली अन् ही हसली. घरी आल्यावर मान खाली घालूनच सगळ्यांचं ऐकायला लागली. शेजारचा रेडिओ, जावेच्या चहाड्या. भाऊ म्हणाला, "वहिनी, दादानं वीस वर्षं काय काय गाळलं, इचारा आता!" ही पदरात हसली. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

दुसऱ्या कानाचं काढलं की मी म्हणायचो, "कापूस येचून होऊ दे." कापूस झाला की ऊस. अडचण बिलकुल नव्हती. मलाच न्यायचं नव्हतं. शेवटी तिनं विचारणं सोडलं अन् जेवताना बहिरा कान माझ्याकडं करून बसायला लागली. मी भडकलो. "चांगला कान गावाला अन् मला फुटका?" ती पुरती वळली, माझ्या ओठांकडं बघत म्हणाली, "काय म्हणलात?" मी ताट सारून उठलो.

परवा लेक म्हणाली, "बाबा, आई म्हणायची, बहिऱ्या अंगानं बसलं की ह्यांच्याकडं तोंड करावं लागतं. ह्यांना तेवढंच पायजे असतं."

म्हणजे माझ्यापायी तिनं तो कान तसाच ठेवला... अन् सांगितलं कुणाला, तर लेकीला. त्याचाबी मला राग येतो. चुलीजवळ तिचा पाट आहे तिथंच आहे. लेकीलाबी त्यावर बसू देत न्हाई.