परसातल्या ऐनाची कव

"बाय, औंदा ऐनाची कव चुकलीय. परत घेऊ का?" जामसरचा जानू मागच्या दारी येऊन विचारत होता. ह्यांच्याबरोबर रानं तुडवण्यात त्याचा जन्म गेला. त्याचं बोलणं ऐकलं आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले...

हे जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात होते. कुठल्या रानात किती लाकूड उभं आहे, ते दरबारला कळवायचं काम. मापाला दोरी असे, पण ह्यांचा भरवसा आपल्या हातांवर. दर वर्षी होळीआधी त्याच त्या झाडांना कव घालायचे. पलीकडे बोटं भिडली की एक कव. घरी येऊन सांगायचे, "माळावरचा ऐन आणि दाभोशाच्या खोऱ्यातला ऐन एका वयाचे, पण माळावरचा कवेत मावतो आणि खोऱ्यातल्याला मी नि जानू मिळून पुरत नाही. रान सगळीकडे सारखं भरत नाही गं." मी म्हणे, "झाडांना मिठ्या मारणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता!" त्यावर नुसते हसायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा परसातला ऐन पार बोडका होता. नागलीच्या रोपांसाठी जमीन भाजायला, राबाला, लोकांनी त्याच्या फांद्या तोडून नेलेल्या. "ह्याला आता कोयता लावायचा नाही. मोकळा सोडल्यावर किती भरतो ते मला बघायचंय," हे म्हणाले. पुष्कळ वर्षं तो त्यांच्या एकट्याच्या कवेत मावला. मग बोटं भिडेनात, तशी पलीकडून मी हात लावू लागले. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची सोय नव्हती. झाडाआड ते चालून जाई. त्यांची बोटं सापडली की मी लवकर सोडत नसे.

यंदा ह्यांचं दुखणं बळावलं, तरी कव घ्यायचा हट्ट सुटेना. जानूनं धरून नेलं. त्यांचे हात आखडलेले, कोपरं उलगडेनात. मी सालीला गाल घासून हात लांबवला... बोटं लागली नाहीत. "केवढा भरलाय बघ! दोघांनाही पुरेना!" हे म्हणाले. किती दिवसांनी तो चेहरा असा खुलला होता. झाड वर्षात एवढं भरत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी "हो" म्हटलं. त्याच आठवड्यात हे गेले.

जानूला म्हटलं, "नको. त्यांनी घेतली तीच कव राहू दे."

तो गेल्यावर मी एकटीच परसात गेले आणि ऐनाला कव घातली. किती तरी वेळ माझी बोटं सालीवरून पलीकडे चाचपडत होती.