दोडक्याचं बी

आजवर हे मी कोणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. खालांचं दोडक्याचं बी मी मारलं.

आज सकाळी उन्हाळी भाज्यांसाठी कुंडीत बी टोचताना ओल्या शेणखताचा वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं जठारपेठेतलं अंगण आठवलं. तिथे मी, नवा विज्ञानशिक्षक, भाडेकरू होतो. थंडी सरत आली की घरमालकीण खाला दह्याच्या मडक्यांत बी लावायच्या. त्या वर्षी मडकी माझ्यावर सोपवून त्या आठ दिवस अमरावतीला लेकीकडे गेल्या.

"मास्तर, पाणी फक्त शिंपडजा. उकरून त्याची परीक्षा नोका घेऊ!"

मी रोज घेतली. काडेपेटीच्या काडीनं माती सारून पाहायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी काळं टरफल उकललं, आतून पांढरंशुभ्र मूळ डोकावलं. मातीच्या अंधारात खाली कुठे जायचं हे त्याला कसं कळतं? ते पाहायला मी एकेक बी उचललं, उलटं ठेवलं, पुन्हा उचललं. सगळी मुळं मोडली.

"कावून नाई उगवलं, मास्तर?" परतल्यावर खालांनी विचारलं.

"बी जुनं असेल," मी म्हणालो.

ते बार्शीटाकळीच्या त्यांच्या मायनं दिलेलं होतं, आणि माय आता नव्हती. खालांनी डब्यात राखून ठेवलेलं उरलंसुरलं बी पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. मी पाहत उभा राहिलो.

त्या कुतूहलाची मला आजही लाज वाटत नाही. त्या उत्तराची वाटते.

खाला आता अमरावतीलाच असतात. तुमच्या मायचं बी चांगलं होतं, हे त्यांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.