तळ बघणारे तात्या

तात्या येणार म्हटलं की घरची बाई आधी फुलदाणीतलं पाणी ओतून ठेवायची, कारण आल्या आल्या ते फुलदाणी उलटी करत. विचारपूस त्यानंतर. जुन्या शोभेच्या काचवस्तू कुणी घडवल्या हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फुंकून केलेल्या काचेच्या तळाला, घडवताना ती ज्या सळईवर धरतात ती तोडल्याचा व्रण राहतो. तो बोटाने चाचपून तात्या कारखान्याचं, कधी कारागिराचंही नाव सांगत. तळ गुळगुळीत असला की मात्र एकच निकाल: साच्यातला माल.

हाच निकाल त्यांनी तीस वर्षांपूर्वी, सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या हिरव्या फुलदाणीबद्दल चारचौघांत दिला होता. सासरे काचेच्या भट्टीवर कोळसा टाकायचे. बायकोने ती फुलदाणी ओट्यावर ठेवली आणि तिच्यात पळ्या-झारे खोवले.

परवा जुन्या वस्तू विकणाऱ्या एका बाईंनी तात्यांपुढे अगदी तशीच फुलदाणी ठेवली. तात्यांनी ती उलटी करून निकाल द्यायला तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, तळ घासून सपाट केलाय, गळ्यात बोट घालून बघा. आत नखाएवढा मासा कोरलेला होता. ही खूण कुणाची, एवढंच बाईंना हवं होतं. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी येऊन त्यांनी ओट्यावरच्या पळ्या उपसल्या आणि बोट घातलं. मासा होता. आता बायकोला विचारणं आलं, आणि विचारायचं म्हणजे चूक कबूल करणं आलं. त्यापेक्षा भट्टीत उडी मारणं तात्यांना सोपं गेलं असतं. दोनदा पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माझं चुकलं होतं. ही कुणी केली?"

"बाबांनी," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत फुंकायला शिकले होते. टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून तळ घासला. तुम्ही कधीतरी विचाराल, म्हणून शेवटपर्यंत वाट बघत होते."

तात्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी आपल्या संग्रहाच्या शोकेसमधली मधोमधची जागा रिकामी केली, हिरवी फुलदाणी धुऊनपुसून तिथे ठेवली आणि कार्डावर सासऱ्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

बायकोने ते दोनदा वाचलं. मग त्या जागेवरून हलवलेली, तात्यांची सगळ्यात नामांकित फुलदाणी तिने उचलली आणि तळ न बघताच तिच्यात पळ्या खोवल्या. एक झारा राहिला होता, तो तात्यांनी आणून दिला.