बाबासोचा उंच हरभरा

बाबासो मगदूम म्हणजे शिरोळकडचा एक नंबरचा हट्टी माणूस. सगळं गाव ऊस एके ऊस करत असताना हा गडी उंच हरभऱ्याच्या मागं लागला. का, तर काढणीला बायकोची, राजमतीची, कंबर मोडते! हरभरा पडला बुटका. मशिन लावावं तर खालचे घाटे रानातच राहतात, मग बाईनंच दिवसभर वाकून उपटायचं.

एका साली बाबासोला रानात एक उंच रोप दिसलं, घाटे सगळे वरच्या अंगाला. त्याचं बी त्यानं जपलं आणि दरसाल त्यातली उंच रोपं तेवढी बियाला ठेवली. यंदा ते सगळं बी एका ओळीत टोकलं होतं. संशोधन केंद्राच्या प्रियदर्शनी मॅडम उंची मोजायला येणार होत्या. पसंत पडलं तर वाण केंद्राच्या चाचणीत जाणार.

आणि नेमकी इचलकरंजीची मेहुणी पावणी आली! बहिणीला कोवळी भाजी खायला घालायची म्हणून राजमतीनं हरभऱ्याचे शेंडे खुडले. तेही बाबासोच्याच ओळीतले, कारण तेच सगळ्यांत लुसलुशीत. शेंडा खुडला की हरभरा फुटतो, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठावं. फुटतो खरा, पण आडवा.

बाबासोनं भाजी चाखली, वा वा केलं आणि विचारलं, "कुठल्या ओळीतली गं?" उत्तर ऐकून हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला.

"अवो, हरभरा म्हटल्यावर खुडायचाच की!" राजमती रडकुंडीला आली.

चूक बाबासोचीच. एवढा खटाटोप कशासाठी, हे त्यानं बायकोला कधी सांगितलंच नव्हतं. लाजत होतं बेणं!

मॅडम आल्या, पसरलेली ओळ बघून हसल्या. "शेंडा खुडला म्हणून बी बदलत नाही, काका. यंदाचं मोजमाप तेवढं गेलं. हेच बी पुढच्या साली पेरा, मी येते."

पुढच्या साली ओळ मांडीला लागली. काढणीला मॅडमनी उंची मोजली आणि चाचणीसाठी बी मागून घेतलं. बाबासोला आभाळ ठेंगणं झालं.

राजमतीनं उभ्या उभ्याच एक घाटा तोडला. "वाकावं लागत न्हाय की हो!"

बाबासोनं इकडंतिकडं बघितलं. "तुझ्या कंबरंसाठीच केलंय सगळं," तो पुटपुटला.

राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड काय गप्प बसतंय!

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? त्या दिवशी मेथी केली असती की!"